रविवारचं कलम

१९९४, जून महिन्यातला पहिला सोमवार. माझी वकिलीची फी दोन हजार रुपये; मुलीच्या खर्चासाठी बापानं द्यायचे दरमहा बाराशे. बंगळूरच्या जयनगरमधल्या माझ्या ऑफिसात हजर तिघं: बँकेत नोकरी करणारी अश्विनी, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातला तिचा नवरा मिलिंद, आणि मी.

अर्ज म्युच्युअल कन्सेंटचा होता, म्हणजे दोघांनी मिळून मागितलेला घटस्फोट. यात कायदा सहा महिने थांबायला लावतो. मग कोर्ट पुन्हा विचारतं, अजून हेच हवंय का. सात वर्षांची रुचा आईकडे राहणार होती. बाप तिला दर रविवारी दहा ते पाच भेटणार होता. याला आम्ही व्हिजिटेशन म्हणतो. मी अटी वाचून दाखवल्या. मिलिंदनं एकदा मान वर केली, मग सही केली. वीस मिनिटांत काम आटोपलं. किती समंजस जोडपं, असं मला वाटलं.

ऑगस्ट संपताना अश्विनी एकटी आली.

"बसा, अक्का." आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं; कानडी वळणानं कुठल्याही बाईला तोंडात हेच येतं.

"तुमच्या मुलीच्या वयाची आहे मी, सर. अक्का कसली!" ती हसली, पण तेवढ्यापुरतीच. "बारा रविवार झाले. पहिले दोन आला, पुढचे दहा नाही. रुचा साडेनऊलाच बूट घालून पायरीवर बसते. बारा वाजले की आपणच काढते. मला हे बंद करून हवंय. पोरगी आशेवर राहायला नको."

"त्यांना विचारलंत?"

"आमचं बोलणं असतं तर तुमच्याकडे आलो असतो का?"

मी कारखान्यात फोन करून निरोप ठेवला. मिलिंद गुरुवारी सकाळी आला.

"आज कसे सुटलात?"

"आज सुट्टी, सर. विजेची कपात आहे ना, आमच्याकडे कारखान्यांना वेगवेगळ्या वारी सुट्टी देतात. आमची गुरुवारी."

"मग सही करताना बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, कोर्टाचा रविवारच ठरलेला असणार. दोनदा शिफ्ट बदलून घेतली. तिसऱ्यांदा सुपरवायझर म्हणाला, तुझ्या घटस्फोटासाठी मशीन थांबवू का?"

"गुरुवारी काय करता?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "दोन बस बदलून जे. पी. नगरला जातो. रुचाची शाळा सुटते तेव्हा समोरच्या बेकरीपाशी उभा असतो. ती व्हॅनमध्ये बसेपर्यंत."

"हाक नाही मारत?"

"कागदावर गुरुवार नाही ना, सर."

तो गेल्यावर मी फाइल उघडली. ते कलम मी जुन्या अर्जातून उचललं होतं; फक्त नावं आणि वय बदललं होतं. तोवरचे माझे बहुतेक पक्षकार बँकांतले, सरकारी कचेऱ्यांतले. सगळ्यांची सुट्टी रविवारी. मिलिंद कुठे काम करतो, हे मी अर्जात स्वतः लिहिलं होतं. सुट्टी कधी, हे विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अश्विनीला बोलावून सांगितलं.

"शाळेसमोर? दर गुरुवारी?"

"हो."

"पाऊस असतानाही?"

"ते मी विचारलं नाही."

तिनं पर्स उचलली. "गुरुवारी व्हॅन नको म्हणून सांगते शाळेत."

दोघांच्या सहीनं कोर्टात मेमो, म्हणजे अटीतल्या बदलाचा कागद, दिला: गुरुवार, शाळा सुटल्यापासून सातपर्यंत. पहिल्या गुरुवारी रुचानं विचारलं म्हणे, "बाबा, आज रविवार आहे?"

दोघं अर्ज मागे घेतील असं मला मधूनमधून वाटायचं. घेतला नाही. डिसेंबरात घटस्फोट झाला.

तेव्हापासून माझ्या अर्जाच्या नमुन्यात वाराची जागा कोरी असते, आणि मुलांविषयी बोलण्याआधी मी आईबापांची सुट्टी विचारतो. दोन हजारांची फी मी परत करायला काढली. अश्विनी म्हणाली, त्याला द्या. मिलिंद म्हणाला, तिला द्या. शेवटी ती रुचाच्या नावानं पोस्टात भरली.