दुसरा हॉर्न

मंगरूळपीरहून मी फौजेत गेलो तो शिपाई व्हायला. उंची भरली, छाती भरली, पण बँडमास्तरनं माझे ओठ नि दात निरखून पाहिले आणि मला बँडमध्ये घेतलं. हातात दिलेलं वाद्य मी कधी पाहिलंही नव्हतं. गोल गोल गुंडाळलेली पितळेची नळी. एका टोकाला ओठ लावायचे, दुसऱ्या टोकाच्या रुंद तोंडात उजवा हात घालायचा. फ्रेंच हॉर्न. कित्येक महिने त्यातून नुसतं हंबरणं निघायचं. मग एका सकाळी एक सूर असा भरून निघाला, की मीच वाजवायचा थांबलो. त्यानंतर मला दुसरं काही नको होतं.

फौजेतली नोकरी संपली आणि मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात मला पहिल्या हॉर्नची जागा मिळाली. हॉर्न एकटा वाजायची जागा आली की सगळा ताफा हात आवरून बसतो. तिथं शेतात निंदायला जाणाऱ्या बाईचा मुलगा वाजवायचा.

माय फोनवर दर वेळी विचारायची, "तुयं वाजवनं मी कवा आयकीन?"

"या हिवाळ्यात ये ना."

"ज्वारीची सोंगनी होऊ दे, येतो."

त्या हिवाळ्याआधी मी बायको-मुलीला घेऊन गावी आलो होतो, तेव्हा मायसह आम्ही कामरगावला नात्यातल्या लग्नाला गेलो. परतताना आमची जीप रस्त्याखाली उतरली आणि माझं तोंड समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. वरचे पुढचे दोन दात गेले. बाकी कुणाला खरचटलंही नाही. दातांवर निभावलं, असं जो तो म्हणत होता. मायनं माझं तोंड पदरानं दाबून धरलं होतं.

"वाजवता येईन ना रे तुले?" ती म्हणाली.

तोंडात रक्त होतं. मी होकाराची मान हलवली.

डॉक्टरनं नवे दात छान बसवले. फोटोत काही कळत नाही. पण हॉर्नचे वरचे सूर ओठाच्या ज्या एवढ्याशा तुकड्यावर उभे असतात, तो तुकडा बधिर झाला होता. मी सरावाला बसलो की बायको मुलीला घेऊन खाली बागेत जायची. तालमीत माझा सूर फुटला, परत फुटला. कंडक्टरनं वाद्यवृंद थांबवला आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"हे त्याला द्या," शेजारच्या खुर्चीकडे बोट करून मीच म्हणालो.

शेजारी दुसरा हॉर्न वाजवणारा माझा मित्र जागचा हलेना. शेवटी मीच उठलो, त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि मी त्याच्या खुर्चीवर बसलो.

ज्याची ही तालीम चालली होती, नेमकी त्याच कार्यक्रमाला माय आली. ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून, बायकोजवळ ताठ बसली होती. संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर तिनं माझा हात धरला.

"सगळे चूप झाले अन् एकटाच वाजला, तो तूच ना?"

"नाही माय. तो बाजूचा."

"मंग तुया कोनता?"

"त्याच्या खालचा. पुढं त्याच्यासंगच होता."

तिनं डोळे मिटले. आठवून पाहत होती.

"तो मले आयकूच नाही आला रे, बापू."

बायकोनं रिक्षा थांबवली.

पुढे खालचे सूरही थरथरायला लागले. मी राजीनामा दिला. वाद्य ऑर्केस्ट्राचं होतं. आतून धुऊन, पुसून परत केलं. पेटीचं झाकण मित्रानं लावलं, माझ्यानं लागेना.

आता मी मंगरूळपीरला एका बँकेच्या दारावर पहारेकरी आहे. मुलीच्या शाळेसाठी बायको नि ती मुंबईतच राहिल्या आहेत. संध्याकाळी घरी आलो की माय गरम भाकर टाकते. मी इथं राहायला आल्यापासून तिची तब्येत सुधारली आहे.

"बरं झालं, तू आला," जेवताना ती कधी कधी म्हणते. "तिकडं तुले अशी गरम भाकर कुठं भेटत होती?"

ती खरोखर खुशीत असते. मी खाली पाहून जेवत राहतो.