पुढाऱ्याच्या घरी टॉवेल-टोपी

आमच्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात कुणाच्या उंबऱ्यात मोकळ्या हातानं पाऊल टाकलेलं नाही, आणि हे ठाऊक असूनही मी घोटाळा केलाच. अमेरिकेत आमच्या मुलीकडे सगळ्यांचा मुक्काम होता. मी त्यांना म्हणालो, "मामा, उद्या इथल्या एका मोठ्या पुढाऱ्याचं शेतातलं घर बघायला जाऊ." हा देश स्वतंत्र करणाऱ्यांपैकी तो एक, आणि त्याला जाऊन दोनशे वर्षं होत आली, हे सांगायचं राहून गेलं. सकाळी बघतो तर मामा धोतर-कोट चढवून तयार, हातात देशी दुकानातला नारळ आणि थेट त्यांच्या गावाहून, शिनोलीहून आणलेली कोरी टॉवेल-टोपी. परमुलखात कुणाचा मान करायची वेळ आली तर असावी, म्हणून बॅगेत तळाशी ठेवलेली.

माणूस पारखायची त्यांची रीतच वेगळी. मला बघायला आमच्या बोरी बुद्रुकला आले, तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलेलो आणि हे सरळ गोठ्यात. बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, उकिरड्यात काठी खुपसून खत बघितलं आणि वडिलांना म्हणाले, "ठरलं आपलं." माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलं ते हळदीच्या दिवशी.

गाडीत तर त्यांच्या बोलण्याला खंड नव्हता. पुढारी चहाला थांबवून घेईल का, कांद्याच्या भावाचं त्याच्या कानावर घालावं का. बायको मला डोळ्यांनी विचारत होती, सांगितलंत का? मी बाहेरची झाडं बघत होतो.

शेवटी दारात सांगितलं. मामा नारळाकडे बघत राहिले. नेलेला मान माघारी आणणं म्हणजे त्यांच्या लेखी त्या घराचा अपमान. माहिती सांगणारे पांढऱ्या केसांचे आजोबा आम्हाला आत घेऊन गेले. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला जमेल तसं मी मामांना मराठीत सांगत होतो. हा पुढारी शेतात खत स्वतःच्या हातानं कालवायचा म्हटल्यावर मामा एकदम खुललेच. "पुढारी, आन् शेणखतात हात? लई भारी माणूस, राव!" मग तुळईवर हात ठेवून त्यांनी विचारलं, एवढी वर्षं हे घर राखलं कुणी? आजोबा म्हणाले, आम्ही गावकरीच आळीपाळीनं बघतो.

मामांचं स्वतःचं घर डिंभे धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोतं उघडं पडतं. तिथं ते एकटेच जाऊन बसतात. तेही नारळ घेऊन.

"पावणं, ह्यांना सांगा," मामा मला म्हणाले, "घर राखतो त्योच घरधनी." आणि आजोबांच्या हातात नारळ देऊन त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. आजोबांनी मान लववली आणि पुढच्या लोकांना ते टोपी घालूनच माहिती सांगू लागले.

परतताना मामा मागच्या सीटवर झोपले. बायको आपल्या वडिलांकडे एकदा बघून हळूच म्हणाली, "यंदा पाणी उतरलं की तुम्ही पण चला दादांबरोबर. आणि मोकळ्या हातानं येऊ नका."