वरचा चौकोन

नेऱ्यातलं आमचं भाताचं खाचर विकलं आणि त्या पैशात राहत्या घरावर दोन मजले चढवले, आयटीतल्या पोरापोरींना भाड्यानं द्यायला. शेत गेलं तरी पोट भरतंय, अशी मी मनाची समजूत घातली होती. आणि भरतही होतं. पोरं मोबाइलवर 'नेरे रूम' असं शोधायची, आमचं नाव वर दिसायचं, संध्याकाळी जिन्यात चपलांचा ढीग पडायचा.

मग ज्या कंपनीवर सगळं जग शोधतं, तिनंच रूम मिळवून देण्याची स्वतःची सेवा काढली. तेव्हापासून सगळ्यात वर तिचाच मोठा चौकोन, रंगीत फोटोंसकट. त्यात शिरायचं तर भाड्यातला वाटा द्यायचा. "आपल्याच घरात वाटेकरी कशाला?" म्हणून ह्यांनी नकार दिला. आम्ही पार तळाला गेलो. एकेक खोली रिकामी होत गेली, तसे हे म्हणाले, "दिवाळीपत्तुर भरल्या तर भरल्या, न्हाईतर घर बिल्डरला." खाचर विकताना मी रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

वर उरलेली एक भाडेकरू, लातूरची मुलगी, म्हणाली, "काकू, जाहिरात देऊ. पैसे भरले की वर येतं." दिली. पण आमच्याकडे कुणी नवीन धंदा काढला की भावकीनं बोहनी करायची रीत. दुकान असो की गिरणी, पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं परतायचं नाही. नारळ फोडून ह्यांनी भावकीच्या ग्रुपवर कळवलं आणि झालं! चुलत दीर, जावा, कासारसाईची नणंद, सगळ्यांनी मायेनं जाहिरातीवर बोट दाबलं. थोरल्या जाऊबाई तर कौतुकानं सांगत आल्या, "मी घरातल्या समद्यांच्या फोनवरनं दाबली गं!" दर वेळी दाबलं की आमचे पैसे कापले जातात, हे कुणाच्या गावीही नव्हतं. दुपारपर्यंत भरलेले पैसे संपले आणि जाहिरात बंद पडली. ती मुलगी कपाळाला हात लावून बसली. मला आधी हसू आलं, मग गेलेले पैसे मोजत बसले.

पुन्हा पैसे भरले, भावकीला तंबी दिली. जाहिरात आली, पण त्या चौकोनाच्या खाली.

"आपण पैसे भरले ना?" मी विचारलं.

"काकू, शोधायची जागा त्यांची, जाहिरातीची जागा त्यांची, आता रूमचं दुकानपण त्यांचंच. ते स्वतःला खाली कशाला ठेवतील?"

ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय! बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन मी शिव्या हासडल्यात. ह्या कंपनीच्या कुठल्या दारात जाऊ?

परवा एक तरुण जोडपं बॅगा घेऊन आमच्या दारापुढे थांबलं. डोक्यावर आमची पाटी: 'रूम भाड्याने मिळतील.' मी किल्ल्या घेऊनच बाहेर आले.

"रूम बघताय का? हितंच हायेत. या की वर."

मुलीनं पाटी वाचली, मजल्यांकडे पाहिलं, मग पुन्हा फोनकडे.

"पण ह्यात तर दाखवत नाहीये," ती नवऱ्याला म्हणाली. आणि फोन समोर धरून दोघं पुढे निघून गेली.