तिथी त्याची, तारीख पोराची

"आधी तोंड धून या, मंग बोला."

कोणी उतरलेला चेहरा घेऊन दारात आला की वहिनी हे म्हणायच्या आणि हनुवटीनंच मोरीकडे खूण करायच्या. शिरवण्यातल्या त्यांच्या घराच्या ओट्याला लागून मोरी, तिथं पाण्याचा निळा ड्रम आणि त्यावर तांब्या. भाडेकरू असो, पाहुणा असो, की मीटर बघायला आलेला माणूस, तोंड धुतल्याशिवाय रडगाणं सुरू करायची परवानगी नव्हती. मी तर तिथं इतक्या वेळा तोंड धुतलंय की त्या तांब्याचा पोचा कुठं होता तेही मला आठवतं.

वहिनी म्हणजे माझ्या दोस्ताची बायको. आम्ही दोघं तुर्भ्याला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत मशीनवर होतो. माझ्या मुलाचा पहिला वाढदिवस आला आणि माझी नेमकी सेकंड शिफ्ट. "तुज्या जागी मी जातो, तू केक काप," तो म्हणाला. अशी अदलाबदल आम्ही नेहमीच करायचो. दुपारी अडीचला कामावर जाताना त्याच्या मोटरसायकलला ट्रेलरनं उडवलं. निरोप आला तेव्हा मी नेरुळच्या घरी फुगे फुगवत होतो.

ती शिफ्ट माझी होती. हे एक वाक्य डोक्यात बसलं ते उठेचना. मुलगा पहिल्यांदा चालला तेव्हा टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. आपल्याला काय हक्क, असं वाटायचं.

वर्षभरात वहिनी लहान मुलीला शेजारणीकडे ठेवून आमच्याच कंपनीत पॅकिंगला लागल्या. हातात बांगड्या, केसांत अबोलीचा गजरा. झाकणं तपासता तपासता गाणी म्हणायच्या. गावात कोणाची हळद असली की नाचायला सगळ्यांत पुढे. बायका कुजबुजल्या तेव्हा त्यांनी ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "माजा घरवाला गेला. मी नाय गेली."

तुम्हाला अशी बाई उद्धट वाटेल. मलाही वाटायची. खरं सांगायचं तर रागच यायचा. मी त्यांच्या नवऱ्यासाठी हसणं सोडलं होतं आणि या खुशाल नाचत होत्या.

दर वर्षी त्या तारखेला मी नारळ आणि हार घेऊन त्यांच्या घरी जायचो. "आज काय हाय?" असं विचारून त्या मला मोरीवर पाठवायच्या, मग कोलंबीचं कालवण आणि भात वाढायच्या. सहाव्या वर्षी घरी कोणी नव्हतं म्हणून मुलाला सोबत नेलं.

"तुजा बड्डे कवा रं?" वहिनींनी त्याला सहज विचारलं.

"माझा नसतो," तो म्हणाला.

आमच्याकडे गणपती नसतो, असं एखादं पोर सांगतं ना, तितक्या साधेपणानं. तक्रार नाही, काही नाही. सात वर्षांचा होत होता तो त्या दिवशी.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "तोंड धून या."

मी धुऊन आलो आणि सहा वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. "वहिनी, ती शिफ्ट माझी होती."

"म्हाईत हाय मना. डबा मीच भरलेला. पोराचा बड्डे हाय, माजा केकचा तुकडा ठेवायला सांगितलाय, म्हनत शीळ घालत गेला. ठेवलात तुकडा?"

"केक कापलाच नाही."

"म्हंजे तो गेला तो गेला, त्याचं कामबी तुमी वाया घालवलंत."

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर आपटलं. "त्याचं वर्स तिथीनं. कार्तिक वद्य पंचमी. ते मी करते, कावल्याला पान ठेवते. तारखेला तो मेलाच नाय. तारीख पोराची हाय, ती त्याची त्याला द्या. माज्या घरवाल्याच्या नावावर पोराला रडवायचं नाय."

आम्ही कंपनीतली माणसं, सगळं तारखेनं मोजणारी. मला हे सुचलंच नव्हतं. लाज वाटली, आणि इतक्या वर्षांनी छातीवरचं काहीतरी थोडं सरकलं.

त्याच संध्याकाळी केक आला. फुगे मात्र माझ्याच्यानं फुगवेनात, तोंडाजवळ नेला की श्वास अडायचा. वहिनींनीच गाल फुगवून सगळे फुगवले. तेव्हापासून दर वर्षी पहिला तुकडा त्यांच्या घरी जायचा. "त्याचा मी खाते," म्हणायच्या, आणि बोटंही चाटायच्या.

मागच्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. दुखणं थोडक्या दिवसांचं. दवाखान्यातही आलेल्यांना बेसिनवर पाठवत होत्या.

या वर्षी नवीन कॅलेंडर आलं आणि मी सवयीनं मुलाची तारीख बघितली. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, कार्तिक वद्य पंचमी. एकोणीस वर्षांनी त्याची तिथी आणि पोराची तारीख पुन्हा एका दिवशी आल्या होत्या. ती शिफ्ट माझी होती, हे जुनं वाक्य लगेच उठून बसलं. आता वाद घालायला वहिनीही नव्हत्या.

त्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबांचं पान ठेवायचंय. आणि आज बर्थडे पन हाय. काय करू?"

"दोन्ही करू," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण ठसका वहिनींचा.

केक आणि फुग्यांचं पाकीट घेऊन मुलासोबत शिरवण्याला गेलो. वीस वर्षांच्या घोड्यानं सकाळी अकराला केक कापला. पहिला तुकडा मी गच्चीवर पानात, वडे-भाताशेजारी ठेवला. कावळ्याची वाट बघत उभं राहिलो नाही. खाली येऊन मोरीवर तोंड धुतलं आणि फुगे फुगवायला बसलो.