ओगुलबाईंचा माइक

थिएटरात पडद्यामागे दोन गोष्टी कधी संपत नाहीत, वायरी आणि किस्से. रात्री कितीही नीट गुंडाळून ठेवा, सकाळी बघावं तर गुंता वाढलेलाच! मी बाबल, मूळचा कुडाळचा, रियाधच्या एका थिएटरात साउंडवर आहे. आमच्या टोळीत कपडेपट सांभाळणारी साताऱ्याची सुनीता आणि सगळ्यांना धाकात ठेवणारी स्टेज मॅनेजर नूफ, इथलीच सौदी मुलगी. गेल्या सीझनला नवीन अरबी ऑपेरा लागला आणि त्यात आईचं मुख्य काम करायला तुर्कमेनिस्तानहून ओगुलगेरेक आल्या. वय पन्नाशीचं, चाल राणीसारखी. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? आम्ही त्यांना ओगुलबाई करून टाकलं.

*

ओगुलबाईंना इंग्लिश येत नव्हतं, पण हिंदी येत होतं! त्यांच्याकडे म्हणे घरोघर हिंदी सिनेमे बघतात. त्यामुळे हिंदी सगळं हिरॉइनचं. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर येऊन हात जोडले, डोळ्यांत पाणी.

"भगवान के लिए, इस ज़ालिम को रोक लो!"

मी घाबरून मागे-पुढे बघतोय, कोण हा जालीम? तर बाईंचं बोट वर, एसीकडे! थंड वारा थेट त्यांच्या गळ्यावर येत होता. सुनीता मागून ओरडली, "बंद कर की रे मेल्या, बाई जीव देतील!"

साधा ग्रीन टी दिला तरी म्हणायच्या, "मैं तुम्हारा ये एहसान ज़िंदगी भर नहीं भूलूँगी." बिचारा चहावाला इतका खूश, की रोज दोनदा एहसान करायचा.

*

एकदा सुनीताने विचारलं, ओगुलगेरेक म्हणजे काय हो? बाई म्हणाल्या, "मुलगा हवा."

"अगं बाई, म्हणजे आमच्याकडची नकुशी!" सुनीता मटकन खाली बसली. तिच्या सख्ख्या आत्याचंच नाव ते. मी हिंदीत समजावलं, तर ओगुलबाई पोट धरून हसायला लागल्या. त्यांच्या पाठीवरही मुलगीच झाली होती.

"मग वडील काय म्हणाले?"

"म्हणाले, एक गाते, दुसरी रडते. आता या घरात झोपायचं कुणी?"

पण गाणाऱ्या पोरीला त्यांनी कधी गप्प बसवलं नाही हो. हे सांगताना मात्र बाईंचा हिंदी सिनेमा बंद होता.

*

ऑपेरात एक प्रसंग होता, आई रागाने रोटी जमिनीवर फेकते. ओगुलबाई म्हणाल्या, नाही फेकणार. डायरेक्टर म्हणाला, मॅडम, ही रबराची आहे! बाई म्हणाल्या, "रबराची असली तरी रोटी ती रोटी." त्यांच्याकडे भाकरी पालथीसुद्धा ठेवत नाहीत.

डायरेक्टरने आमच्याकडे बघितलं. सुनीता म्हणाली, "बरोबर आहे, अन्न आहे ते!" मी मान हलवली. निदान नूफ तरी आपली बाजू घेईल म्हणून तो तिच्याकडे वळला, तर नूफने ती रबराची रोटी उचलली, ओठांना लावली, कपाळाला लावली आणि टेबलावर नीट सुलटी ठेवली.

खलास! तेव्हापासून आई मडकं फोडायला लागली. रोजच्या रिहर्सलला नवीन मडकं आणून आणून प्रॉपर्टीवाला रडकुंडीला आला.

*

आता खरी गंमत. ऑपेरावाले रिहर्सलला पूर्ण आवाज लावत नाहीत. गळा राखतात, अर्ध्या आवाजात गुणगुणतात. आमच्या प्रोड्युसरला हे कोण सांगणार? तो आजवर पॉपचे शो करणारा, आम्ही त्याला टेन्शनसाहेब म्हणतो. बाईंच्या तरुणपणी त्यांच्या देशात ऑपेराच बंद झाला होता, बरीच वर्षं, हेही त्याच्या कानावर गेलेलं. त्याने ठरवूनच टाकलं, हिचा आवाज उरलेला नाही.

"केसांत माइक लपवा. नाहीतर दुसरी गायिका तयार आहे!"

आता ऑपेरा म्हणजे माइकशिवाय, नुसत्या गळ्याने हॉल भरायचा. तीच तर त्यातली मर्दुमकी! ओगुलबाई मटकन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "बंदीच्या काळात मी लग्नांत गायले. स्पीकर एवढाले, की माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. एकदा लाइट गेली. मी तशीच गात राहिले. सगळा मांडव जेवायचा थांबला."

"मग?"

"नवऱ्या मुलाचा बाप धावत आला. म्हणाला, बाई, बस करा, पुलाव गार होतोय!"

आम्ही हसलो. त्या नाही हसल्या. "एक बार, बाबल. भरल्या थिएटरात, माइकशिवाय. फिर चाहे जान चली जाए."

या वेळी डायलॉग वाटला नाही. पण टेन्शनसाहेबाने मला बाजूला घेऊन बजावलं, "तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही, तर तुझा इकामा आणि तू, बघून घ्या." परवानाच गेला तर इथे राहणार कसा? शेवटी बाईंनी मान खाली घालून 'हो' म्हटलं.

*

पहिला शो. हॉल गच्च. सुनीताने माइक घेऊन बाईंच्या विगमध्ये टाचण्या खोचल्या, नूफने पट्ट्याला ट्रान्समीटर लावला. साहेब पहिल्या रांगेत. मी बोर्डावर बाईंच्या चॅनेलचा फेडर पार खाली ओढला, आवाज शून्य, त्यावर काळी चिकटपट्टी मारली आणि रवळनाथाला हाक घातली. इकामा गेला तर गेला, कुडाळात आंबे आहेत!

बाईंनी तोंड उघडलं. काय सांगू तुम्हाला! तो आवाज माझ्या छातीवरून मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. शेवटी सगळा हॉल उभा राहिला. ओगुलबाई रडत होत्या, मीही.

टाळ्या चालू असतानाच मी मागे पळालो. म्हटलं, दोघींना सांगू तरी मी काय केलं ते. "अगं सुनीता, तो माइक..."

सुनीताने चटकन ओठांवर बोट ठेवलं आणि टाचण्यांचा डबा उघडला. माइक आत, टाचण्यांमध्ये!

नूफने आम्हा दोघांकडे बघितलं, अबायाच्या खिशात हात घातला आणि ट्रान्समीटरचे दोन्ही सेल टेबलावर ठेवले.

तेवढ्यात दार उघडून टेन्शनसाहेब आत आला. सुनीताने डबा मिटला, नूफने सेलवर रुमाल टाकला. साहेबाने मला मिठीच मारली.

"बघितलंस? माइक लावला म्हणून वाचलो! उद्यासुद्धा अगदी असाच ठेव."

मी म्हटलं, "ठेवतो, साहेब."