आमच्या उलार गाडीतला पाहुणा

न मागता कुणी मदतीला आलं, की मी आधी त्याचं सामान बघतो. ही सवय मला एका माणसानं लावली.

तेव्हा मी लिलावात घेतलेल्या लष्करी ट्रकवर लाकडी खोली बांधून चांदा जिल्ह्याच्या जंगलात झाडांचे नमुने गोळा करत हिंडायचो. झोप, स्वयंपाक, सगळं त्यातच; पाण्याची टाकी छतावर, मागच्या टोकाला. पण रस्त्यावर ते घर बेवड्यासारखं झुलायचं.

मूलच्या बाजारात एका जाड्या धोतरवाल्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी मागच्या चाकावर थाप मारली.

"गाडी उलार झाली भाऊ. मांगं भार जास्त. आमची बैलबंडी अशी झाली का आमी मानसं समोर बसवतो."

मी हो म्हणण्याआधीच तो तांदळाच्या दोन पोत्यांसकट माझ्या शेजारी बसला. आणि गाडी खरंच सरळ चालली! मी खूश होऊन वाटेत त्याला चहा पाजला.

लेकीच्या गावी तो पोत्यांसकट उतरला.

"आता पुढं माझं कसं?" मी काकुळतीनं विचारलं.

त्यानं छताकडं बोट दाखवलं. "ते मांगची पान्याची टाकी खाली, समोर घ्या. मंग नाई झुलत."

"हे मूललाच का नाही सांगितलं?"

पोतं खांद्यावर घेत तो म्हणाला, "तिथंच सांगतलो असतो, तं मले इथवर काऊन आनलं असतं तुमी?"