गुडघ्याचा कोन

तुम्ही विचारलं होतंत, शाळेत शिकलेल्या कोनांचा पुढे कुणाला काही उपयोग होतो का. गेल्या गणपतीत मला झाला, पण त्या दिवसांत एक क्षण चैन पडलं नाही.

तुमच्या आजोबांचा गुडघा बदलल्यावर सर्जन म्हणाले होते, पुढच्या तपासणीपर्यंत तो नव्वद अंश वाकला पाहिजे. नाहीतर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. आजोबांचं हृदय नाजूक. पहिल्या भुलीतून ते फार उशिरा शुद्धीवर आले होते. ती वेळ परत येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

व्यायाम करून घ्यायला गिरगावात आमच्याकडे लालबागची एक मुलगी यायची. लांब दांड्यांच्या मापाने गुडघा मोजायची, पण आकडा सांगायची नाही. "होईल हं, आजी" एवढंच म्हणायची. मूळची मालवणकडची, त्यामुळे गणपतीला गावी जाणारच. जाताना म्हणाली, रोज मोजा आणि फोनवर सांगा.

मोजणं माझ्या आवडीचं काम. तुमच्या बाबांच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक काढला, मांडीला एक आणि पोटरीला एक अशा विणायच्या सुया लावल्या आणि मधला कोन वाचला. एकशे दहा. फोनवर ऐकून ती इतकी खूश झाली की म्हणाली, आता ताण देऊ नका, नुसतं चालवा. आजोबांनी लगेच व्यायाम बंद केला आणि वर मोदक मागितले.

मला स्वस्थ बसवेना. गॅलरीत गेले, आत आले, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. एकशे दहा वाकलेला पाय खुर्चीखाली का जात नाही? आजोबा म्हणाले, "अगं, आकडा चांगला आला तरी तुला खुपतो." शेवटी जाड शब्दकोश त्यांच्या गुडघ्यामागे धरला. पुस्तकाचा कोपरा म्हणजे काटकोन. एक कड मांडीला टेकली, पण पोटरी दुसऱ्या कडेपासून लांबच राहिली.

म्हणजे मी मोजला तो विशालकोन होता. पाय अजून काटकोनापर्यंतही आला नव्हता. मी उभ्याउभ्याच कागदावर पाय काढला. माझ्या मापात सरळ पाय म्हणजे एकशे ऐंशी. वाकणं मोजायचं तर सरळ पाय शून्य धरायला हवा. मांडीची रेघ पुढे वाढवली की दोन कोन शेजारी शेजारी पडतात, एकमेकांचे पूरक, बेरीज एकशे ऐंशी. ती मुलगी मोजत होती तो दुसरा. तो होता सत्तर.

फोन केला तेव्हा तिच्याकडे आरती चालली होती, मला ओरडून सांगावं लागलं. ती आरती सोडून बाहेर आली. मग म्हणाली, "आजी, वीस कमी आहेत. आता रडले तरी सोडू नका त्यांना."

ते रडले नाहीत; मला हेडमास्तरीण म्हणाले, सासूबाई बऱ्या होत्या म्हणाले. टाचेखाली टॉवेल घालून पाय मागे ओढायचा, मी वरून धरायची, ते दात आवळायचे. मोजायचीच मला भीती वाटू लागली. सुया टोपलीत ठेवून दिल्या.

तपासणीला सर्जनांनी पाय वाकवला, माप लावलं आणि म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आजोबा शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, हिच्या मापाने ब्याण्णव आहे."

सर्जनांना कळायला जरा वेळ लागला, मग ते हसले. भूल नको, व्यायाम असाच चालू ठेवा, म्हणाले. मला हसू येईना. तेवढं वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.